मिस्त्री, तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात त्याबद्दल

मिस्त्री, नमस्कार.

तुमची धाकटी मोबाइलवर वाचून दाखवेल असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून आमच्या गळक्या गच्चीच्या तुमच्या कामाबद्दल इथेच लिहिते. तिला म्हणावं सावकाश वाच, काकूला थोडक्यात लिहायची सवय नाही. नाव घालत नाही. ‘नाव नका टाकू काकू, लोक फोन करत्यात आन् मला न्हाई म्हणता येत न्हाई,’ हे तुमचंच वाक्य आहे.

परवा रात्री पावणेतीनला पाऊस आला. साधासुधा नाही, पन्हळी भरून वाहणारा. मी झोपेतच उठले. चार पावसाळ्यांची सवय आहे. पहिलं पातेलं ट्यूबलाइटखाली, परात कपाटाशेजारी, निळा टब सासूबाईंच्या पायथ्याशी. अंधारात परात घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि अनवाणी पायांना फरशी कोरडी लागली. दिवा लावला. छत बघितलं, भिंत हाताने चाचपली. कोरडी. तशीच परात छातीशी धरून उभी राहिले. सासूबाई जाग्याच होत्या. म्हणाल्या, “कणीक मळायला निघालीस की काय एवढ्या रात्री?”

मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून रडले. खोटं कशाला सांगू. हसत होते आणि रडत होते.

त्या सहा-सात फूट पलंगाने चार वर्षांत चारही भिंती पाहिल्या आहेत. सासूबाईंचं वय शहाऐंशी, पाऊस आला की आम्ही दोघं त्यांना उठवून बसवणार, पलंग ओढणार, पुन्हा निजवणार. त्या काही बोलायच्या नाहीत. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्या नव्या नवरी म्हणून शनिवार पेठेत होत्या. मातीच्या भिंती पाण्यात कशा विरघळतात ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. पुढे सासऱ्यांनी घर बांधलं ते मुद्दाम नदीपासून लांब, पर्वतीच्या पलीकडे, चढावर, १९७४ साली. ‘खालून पाणी येणार नाही एवढं बघितलं, वरून येईल हे कुणाच्या लक्षात आलं?’ असं त्या म्हणायच्या, आणि आम्हाला मान खाली घालावी लागायची.

तुमच्याआधी तिघे येऊन गेले. त्यांचं नाव घेणार नाही, पण मनातलं बोलल्याशिवाय राहवणारही नाही.

पहिल्याने गुळगुळीत कार्ड दिलं. दहा वर्षांची गॅरंटी. भर मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, त्याच्या पोरांनी गच्चीवर दोन खराटे फिरवले आणि शेवाळ, धूळ, कबुतरांची घाण यांच्यावरच सिमेंटचं पाणी ओतलं. गच्ची राखाडी, छान, नवीकोरी दिसली. दिवाळीत आम्ही तिथे पणत्या लावल्या. संक्रांतीला पापुद्रे सुटायला लागले, अगदी पोह्याच्या पापडासारखे. दुसऱ्याने सांगितलं, आतला वीटकोबा, म्हणजे पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, गेलाय, वरून जाड थर देतो. दिला. सकाळी स्लरी, म्हणजे सिमेंटची पातळ लापशी, मारली, मग सगळे जेवायला गेले, आणि तीन वाजता येऊन वाळलेल्या स्लरीवर सिमेंट-वाळूचा माल थापला. (दुपारी एक ते चार बंद असण्याबद्दल आम्हा पुणेकरांना लोक हसतात. त्या गृहस्थांचं गाव पुणे नव्हतं, एवढं नोंदवून ठेवते.) तिसऱ्याने पांढरा, रबरासारखा रंग फासला. त्याच्याखाली पाणी साठून फोड आले. त्याला फोन केला तर म्हणाला, राँग नंबर. आवाज तोच होता.

पैसे किती गेले ते लिहीत नाही, आमच्या ह्यांनाही हे पत्र वाचायचं आहे.

तुम्ही पहिल्या दिवशी आलात ते कार्ड न घेता, खिशात खडू घेऊन. हातोडीच्या दांड्याने सबंध गच्ची ठोकत फिरलात. कुठे ठक्क, कुठे रिकाम्या डब्यासारखं ढब्ब. जिथे ढब्ब तिथे खडूचा गोल. तासाभराने गच्चीला देवी आल्यासारखे गोल उठले होते. म्हटलं, एवढं सगळं उकलणार? तुम्ही म्हणालात, “जे धरून न्हाई ते ठिवून काय करायचं?” खोलीच्या छतावरचे चुन्याचे पांढरे ओघळही तुम्हीच समजावलेत. पाणी स्लॅबमधून उतरताना त्यातला चुना विरघळवून आणतं आणि खाली सोडून जातं. म्हणजे आमचं घर थेंबाथेंबाने खाली येत होतं आणि आम्ही त्याच्यावर डिस्टेंपर मारत होतो.

कामाचं सगळं लिहीत बसत नाही. टाचे मारताना, म्हणजे छिन्नीने खाचा पाडताना, तीन दिवस शेजाऱ्यांनी आम्हाला ज्या नजरेने बघितलं तेही सोडून देते. पण आदल्या रात्री तुम्ही गच्ची भिजत घातलीत ते आठवतं. सकाळी पुन्हा पाणी, आणि मग खोलगट जागेतलं साचलेलं पाणी फडक्याने टिपून घेतलंत. मला कळेना. आधी ओतायचं, मग टिपायचं? तुम्ही म्हणालात, “जुनं सिमेंट तहानलेलं असतं काकू. आपण वरून स्लरी लावली की तिच्यातलं पाणी वढून घेतं, मग ती पिठासारखी ऱ्हाती. आधी पाजायचं. पर वर डबकंबी नको, न्हाईतर पातळ होती.” ओल दिसली पाहिजे, पाणी दिसता कामा नये, हे माझ्या लक्षात राहिलं.

आणि बादली. आधी पाणी, मग एका हाताने मुठीमुठीने सिमेंट सोडायचं, दुसऱ्याने ढवळत राहायचं. मी बघून म्हटलं, हे तर पिठलं पेरणं आहे. तुम्ही खो खो हसलात. गुठळी नको म्हणून दोन्हीकडे तीच युक्ती! हात बुडवून वर काढला की धिरड्याच्या पिठासारखी बोटांना धरून राहील इतपतच दाट. बादलीत उरलेली घट्ट व्हायला लागली तेव्हा मी शहाणपणा केला, “थोडं पाणी घालून ढवळा की, वाया कशाला?” तुम्ही म्हणालात, “इरजान लागल्यावर दूध ओतून परत दूध होतंय का?” माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. तो म्हणाला, मिस्त्री बरोबर बोलतात. साधं सिमेंट अर्ध्या तासाच्या आत धरू लागू नये आणि दहा तासांच्या आत पुरतं बसावं असा नियमच आहे, आणि एकदा धरायला लागलं की त्याला मोडायचं नसतं. त्याला हे शिकायला चार वर्षं आणि बऱ्यापैकी फी लागली होती. तुमच्या आजोबांनी तर चुना मळायच्या घाण्यावर काम केलेलं, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून चुना मळणारी माणसं ती. असो.

आता चहा.

तो तिसरा दिवस, चार-सव्वाचारची वेळ. कठड्याजवळच्या दोन हात रुंद पट्ट्यावर तुम्ही कुंच्याने स्लरी लावली होती आणि बिगारी माल कालवत होता. मी जिन्याच्या तोंडाशी ट्रे घेऊन. तुम्ही म्हणालात, “पाच मिन्टं काकू.” मी म्हटलं, आधी चहा, गार होतो. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवूनच म्हटलं. तुम्ही हात धुऊन आलात, मान राखायचा म्हणून. पायरीवर बसलात. दोन घोट घेतलेत, मागे वळून बघितलंत, आणि कप तसाच ठेवून उठलात.

खरं सांगू? मला राग आला. पुण्यात पाहुण्याला चहा विचारतात तो कसा, यावरचे विनोद ऐकत आमचा जन्म गेला. एवढं आलं घालून, दूध जास्त घालून करावा, आणि माणसाने साय धरेपर्यंत तसाच ठेवावा! मी तिथेच उभी राहिले, तुम्ही कधी परत येता ते बघायला.

तुम्ही परत आला नाहीत. त्या पट्ट्यावर बोटाची मागची बाजू टेकवून पाहिलीत. मघाशी काळसर, चमकत होती ती स्लरी पांढुरकी पडली होती. तुम्ही तारेचा ब्रश घेतलात आणि सगळी खरवडायला बसलात. उन्हात, उकिडवे. बिगारी पोरगा हळूच म्हणाला, “मिस्त्री, ऱ्हाऊ द्या की. वर माल टाकला की झाकतंय.”

तुम्ही मान वर न करता म्हणालात, “झाकनार हाय म्हनूनच.”

मी ऐकलं ते. ऐकायचं नव्हतं बहुतेक.

पट्टा धुतलात, पुन्हा भिजवलात, पुन्हा टिपलात. नवी अर्धी बादली पेरलीत, आणि या वेळी स्लरी ओली असतानाच, हात पोचेल तेवढाच तुकडा घेत, मागोमाग माल चढवत गेलात. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात, “ऊन लई हाय आज, काकू.” तेवढंच. वाया गेलेलं सिमेंटही हिशेबात धरलं नाहीत, मी चिठ्ठी दोनदा वाचली.

ते का खरवडलंत हे मला रात्री भाच्याने फोनवर सांगितलं. जुन्या आणि नव्याला जोडायला स्लरी असते, पण ती ओली असेल तरच. वाळली की ती जोडत नाही, उलट दोघांच्या मध्ये पडदा होऊन बसते. न लावलेली परवडली. मी त्याला म्हटलं, पुढे सांगू नकोस. एकतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरला काढली आहेत मी. पाकिटाला डिंक लावून गप्पा मारत बसलं आणि मग चिकटवायला गेलं की काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. आमच्या दुसऱ्या गृहस्थांनी सहाशे चौरस फुटांवर नेमकं तेच केलं होतं. आणि तुमच्या पट्ट्यावर ते झालं असतं, तर माझ्या चहामुळे झालं असतं. ऊन होतंच, पण वेळ मी घेतला होता. आणि तुम्ही नाव उन्हाचं घेतलंत.

हे मी गेले दोन महिने मनात धरून आहे. ते खरवडणं कुणी पाहत नव्हतं असं म्हणणार नाही, मी पाहत होते. पण मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणजे न पाहिल्यासारखंच. आमच्या ऑफिसात एक कुलकर्णीबाई होत्या असं आपण समजू, नाव काहीही असो. पेन्शनच्या दिवशी नोटा मोजून झाल्या तरी, समोर डोळ्यांना कमी दिसणारं माणूस असलं की त्या पुन्हा मोठ्याने मोजायच्या. मागे रांग ओरडायची. त्यांना बढती उशिराच मिळाली. मंडईत एक बाई मेथीची जुडी देण्याआधी सोडून आतल्या पिवळ्या काड्या काढून टाकते, मी न सांगता. अशी माणसं मोजायला बसले की बोटं पुरतात, आणि तरी दर खेपेला एखादं बोट वाढतं. त्या तिघांवरचा माझा राग त्यामुळे कमी होतो असं मात्र समजू नका.

पाणी मारायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत त्याचा मला फार अभिमान आहे. गोणपाट अंथरून, मातीची आळी घालून, सकाळ-संध्याकाळ. नियमाने सात दिवस, उन्हाळ्यात दहा, तुम्ही सांगितलेत बारा. मे महिन्यात पुण्यात नळाला पाणी किती येतं ते तुम्हाला माहीत आहे. कपडे धुतलेलं पाणी चालेल का असं मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंत, त्यानंतर मी टँकर मागवला. सासूबाई खालून हाक मारून विचारायच्या, “पाजलंस का गं तिला?” जणू गच्ची म्हणजे घरात आणलेली गाय.

आता एक तक्रार. तुम्ही पैसे कमी घेतलेत. ठरले तेवढेच घेतलेत, हे मला मान्य आहे, पण ठरवताना खडूचे गोल एवढे निघतील हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी पाकीट दिलं तर म्हणालात, पाऊस बघू, मग. पाऊस बघितला. पाकीट देवघरात आहे.

आणि सासूबाईंना त्यांच्या खोलीच्या छताला रंग हवा आहे. आजच हवा आहे. तुम्ही सांगितलं होतंत, आतली ओल पुरती निघून जाऊ दे, दसऱ्यानंतर बघू. त्या म्हणतात, दसऱ्यापर्यंत मी असेन का ते विचार त्यांना. मी त्यांना सांगितलंय, मिस्त्रींनी दसरा म्हटलंय ना, मग दसराच. त्यावर थोडा वेळ छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, फिका पिवळा सांग.

तुमचा तारेचा ब्रश इथेच राहिलाय, बोहरी आळीतून नवा आणलेला तो. जिन्यात खिळ्याला अडकवून ठेवलाय. घ्यायला याल तेव्हा चहा कधी टाकायचा ते तुम्ही सांगा.

तुमची,
गच्चीवाली काकू