मंडप उभा राहिला, नावं विचारायची राहिली

आमचा लाकडी मंडप एकदाचा उभा राहिला. कागदावर तो आम्हीच काढला होता, पण उभारताना कितीतरी हात लागले आणि नावं विचारायचं भान कुणालाच राहिलं नाही. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यांत आधी सुतारकाकांचे. नकाशात खाच आणि कूस, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, अगदी एकाच मापाची होती. करवतीचं पातं स्वतःच दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिली कूस खाचेत खुळखुळली. काका हसले नाहीत. पेन्सिलीची रेघ दाखवत एवढंच म्हणाले, "रेघ राखून काप, उरलेलं पटाशीनं काढ." नऊ कुशी फुकट गेल्या, दहावी हलक्या ठोक्यानं बसली, तो आवाज अजून कानात आहे.

वखारीतल्या दादांनी ओल्या फळ्या द्यायला चक्क नकार दिला. लाकूड वाळताना लांबीत जवळपास आकसत नाही, रुंदीत मात्र चांगलंच आकसतं. तेव्हा आम्ही चिडलो होतो, माफ करा दादा.

आणि त्या वाटसरू आजोबांचे. चौकट एका हातानं ढकलून त्यांनी ती कशी डुलते ते दाखवलं, मग दोन्ही कर्ण मोजायला लावले. चार सेंटिमीटरचा फरक! तिरके टेके त्याच संध्याकाळी ठोकले.

शिडी धरणाऱ्या, पावसात ताडपत्री टाकून पळालेल्या ताईंना: ताडपत्री धुऊन, घडी करून ठेवली आहे. घेऊन जा.