तुझी वही सापडली

प्रिय पक्या,

दोन वर्षं झाली तुला धड काही लिहिलं नाही, दिवाळीचा तो पणत्यांचा फॉरवर्ड सोडला तर. रागावला असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. पण आज काही झोप येईना, बायकोला सांगायला गेलो तर म्हणाली हे पक्याभावजींना सांगा, मला यातलं अर्धंच कळतं. म्हणून मोबाईलवर टाईप करत बसलोय, अंगठा दुखेपर्यंत लिहिणार आहे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालतेय. माझी शुगर बॉर्डरवर आहे. झालं.

तुझी वही सापडली. चाळ पाडायला द्यायच्या आधी आपल्या फुटबॉल क्लबची खोली मी आणि नानांनी रिकामी केली, तेव्हा कपाटावर ट्रॉफ्यांच्या मागे पडलेली होती. खाकी कव्हरची लाँगबुक, २६ जुलैच्या पाण्याचा डाग तसाच, खालच्या कोपऱ्यात पानं एकमेकांना चिकटलेली. मी ट्रॉफ्या गोणीत भरायच्या सोडून फरशीवर बसून वाचत राहिलो आणि नाना खालून ओरडतायत टेम्पोवाला थांबणार नाही म्हणून. ‘क्रॉस मैदान, ०-२. हजर: नाना. नानांचे मेहुणे. मास्तर. चणेवाला (दुसऱ्या हाफपासून). लाल शर्टवाले, नाव विचारायचं.’ आणि पुढच्या रविवारच्या पानावर, ‘लाल शर्टवाले = परबकाका, माझगाव डॉक, मुलगा शाळेच्या टीमला.’ अरे परबकाका पुढे पंधरा वर्षं आपल्या मॅचला येत होते, जर्सी धुवायला स्वतःच्या घरी न्यायचे, आणि त्यांची सुरुवात ही अशी, तुझ्या वहीत, कंसात. मला हे माहीतच नव्हतं. आम्ही सगळे बॉलकडे बघायचो आणि तू साल्या बाऊंड्रीवर माणसं मोजत फिरायचास. मोजत पण नव्हतास, नावं लिहीत होतास.

आता क्लबचं सांगतो. वाईट आहे. गेल्या सीझनला एक डिव्हिजन खाली आलो, या सीझनला अजून खाली जाऊ अशी हालत आहे. नऊ मॅचमध्ये एक जिंकलो. एक मॅच आठ जणांत सुरू केली, कारण दोन पोरं ड्युटीवरून सुटली नव्हती आणि एक ट्रेनमध्ये अडकला होता, आणि सातच्या खाली गेलो की रेफ्री मॅच सुरूच करत नाही हे तुला माहितीये. आपला स्ट्रायकर किराणा डिलिव्हरी करतो. कंपनीची बॅग पाठीवर घेऊनच ग्राउंडवर येतो, गोलपोस्टच्या मागे बॅग ठेवतो, त्यातूनच स्टॉकिंग काढतो, आणि मॅच संपली की लगेच ॲप चालू. परवा नव्वदाव्या मिनिटाला त्याने जो सिटर, म्हणजे गोलसमोरचा सोपा चान्स, बाहेर मारला त्याच्यावर सगळे चिडले, मला चिडता येईना. सकाळी सहापासून जिने चढत होता तो.

तुला आठवतं माझे बाबा काय सांगायचे? गिरणीत फर्स्ट शिफ्ट करून थेट कूपरेज ग्राउंडला, रोव्हर्स कपची मॅच, आत जागा नसली तर बाहेर उभं राहून नुसता आवाज ऐकायचा. १८९१ ची स्पर्धा ती, आणि २००० नंतर बंदच पडली. तेव्हा मफतलाल, टाटा, रेल्वे, बँका सगळ्यांच्या टीम होत्या, चांगला खेळलास तर नोकरी लागायची. आपल्या क्लबमधून किती जण असे लागले. ती शिडीच काढून घेतली रे. आता पोरगा चांगला खेळतो, मग पुढे काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. वर आयएसएलचीच, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगचीच गाडी २०२५ ला करारावरून अडकून पडली, तर खाली आमची काय कथा.

आणि पब्लिक. चाळ रिकामी झाली तशी आपली माणसं कुठे कुठे गेली, कोण ट्रान्झिट कॅम्पात, कोण भाड्याने डोंबिवली, बदलापूर, विरार. पूर्वी गॅलरीतून हाक मारली की वीस जण खाली यायचे. मी सुरुवातीला काय केलं, इन्स्टा पेज काढलं. भाचीने रील बनवून दिली, पोरांचे फोटो, मागे धूर, जबरदस्त म्युझिक. लाईक्स भरपूर आले. रविवारी ग्राउंडवर अकरा माणसं, त्यातले चार पलीकडच्या टीमचे.

मला तेव्हा इंडियाच्या सुनील छेत्रीचं आठवत होतं. २०१८ ला आपल्या अंधेरीत, तैपेईविरुद्ध त्याने हॅटट्रिक मारली आणि बघायला माणसं किती, २,५६९. मग त्याने मॅच बघायला या म्हणून तो हात जोडून व्हिडिओ टाकला आणि पुढच्या मॅचला, त्याची शंभरावी ती, तिकिटं संपली. तू तेव्हा रजेवर आला होतास, आपण दोघं पावसात भिजत बसलो होतो. पण छेत्रीने बोलावलं तर लोक येतील, आमच्या राइट बॅकने बोलावलं तर कोण येणार? तर पक्या, येतात. पण फोन करून बोलवावं लागतं, आणि नावाने.

मी तुझी वही घेऊन बसलो आणि एकेक नाव काढून फोन लावायला लागलो. निम्मे नंबर बंद. काही जण गेले, आपल्याला कळलंच नाही. पण जे लागले त्यांना मी ‘मॅच आहे, या’ असं म्हटलंच नाही. म्हटलं, काकी, तुमच्या शेजारच्या सुमनताईंचा नातू गोलकीपर आहे आपला, रविवारी परळला झेवियर्स ग्राउंडवर आहे, साडेचारला. आणि एक गोष्ट मला दोन रविवार फुकट गेल्यावर कळली. लोक कंटाळा करत नव्हते, मेगाब्लॉक होता! बदलापूरवरून बायकापोरं घेऊन निघालेला माणूस मेगाब्लॉकच्या दिवशी कसा पोचणार? आता मी शनिवारी रात्री जो मेसेज टाकतो त्यात आधी ब्लॉक कुठून कुठे, कुठली गाडी धरा, कुठे उतरा, एल्फिन्स्टनचा ब्रिज तोडायला घेतलाय तर कुठून वळून या, आणि मग शेवटी मॅच कोणाशी. बायका का येत नाहीत हे पण काकींनीच सांगितलं, एका मैदानावर बाथरूमची सोयच नाही, तीन तास काय करायचं आम्ही? इतकी वर्षं आपल्या डोक्यात आलं नाही, तुझ्या पण नाही. जवळच एका ओळखीच्यांचं घर आहे, त्यांना विनंती केली, हाफटाइमला आता काकी सगळ्यांना तिथे घेऊन जातात आणि येताना त्याच घरातून चहाचा टोप येतो.

बांद्र्याला मॅच असली की नाना पोरांना घेऊन बसतात आणि सांगतात, हे ग्राउंड ज्यांच्या नावाचं आहे ना, त्या नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, मुंबईचा माणूस. चार-दोन जिंकलो आपण. पोरं टर्फवरचे ते काळे रबराचे दाणे बुटातून झटकत ऐकत असतात. तीच पोरं पुढच्या रविवारी अजून दोघांना घेऊन येतात. नानांना तो पूर्ण किस्सा सांगायला वीस मिनिटं लागतात, तुला ऐकवायचे तेव्हा तर तू झोपायचास.

आणि मी परत वही सुरू केली. तुझ्याच वहीत, मागची पानं कोरी होती. तुझ्यापेक्षा माझं अक्षर चांगलं आहे, हे तरी कबूल कर.

आता मुद्द्याचं. एक अकॅडमीवाले आलेत. नाव सांगत नाही, तुला इंटरनेटवर शोधायची सवय आहे आणि मग तू तिथून भांडत बसशील. क्लबचं रजिस्ट्रेशन त्यांना हवंय. एन्ट्री फी, ग्राउंडचं भाडं, किट, कोच, फिजिओ सगळं ते बघणार. बदल्यात नावाच्या आधी त्यांचं नाव, जर्सीचा रंग त्यांचा, आपल्या पोरांची ट्रायल घेणार, जे बसतील ते राहतील. कमिटी अर्धी इकडे अर्धी तिकडे. नाना काही बोलत नाहीत, नुसता किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत बसतात, खोली नाही उरली तरी किल्ल्या आहेत.

मीटिंगला त्यांचा माणूस आला होता, चांगला माणूस वाटला, खोटं कशाला बोलू. सगळं विचारलं आणि मग म्हणाला, पब्लिक किती येतं साधारण?

पक्या, तोच प्रश्न. शब्द न् शब्द तोच. तेव्हा जर्सी-बूट द्यायला आलेले शेठ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत, मी म्हणतोय तीनशे, आणि तू मागून वही काढून म्हणतोयस, बासष्ट, नावं वाचू का? जर्सी गेली, बूट गेले, सहा महिने मी तुझ्याशी बोललो नाही आणि तुझ्या ताईच्या हळदीला पण आलो नाही. त्या दिवशी गप्प बसला असतास तर दोन सीझनचे बूट आले असते हे मी अजूनही म्हणतो. पण हळदीला यायला हवं होतं, ते मी चुकलो, ताईला पण सांग.

तर या वेळी सगळे माझ्याकडे बघतायत, सेक्रेटरी डोळ्यांनी खुणावतायत, आणि माझ्या तोंडून निघालं, त्रेचाळीस. नावं वाचू का?

तो म्हणाला, वाचा.

मी वाचली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. कोण कुठून येतं ते पण. खोलीत कोणी चहाला हात लावला नाही. संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, यातले वर्षाला पैसे देऊन मेंबर किती होतील? चिडवायला नव्हतं विचारलं, खरंच विचारलं. आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण आपण कधी कोणाकडे मागितलेच नाहीत. गणपतीची वर्गणी दारोदार मागतो, क्लबची कधी नाही. मंडळाला पावतीपुस्तक, क्लबला नानांचा खिसा.

तेव्हापासून झोप नाही. कारण मी विरोध करतोय तो कोणासाठी? पोरांना फिजिओ मिळेल, गोलकीपरचा घोटा तीन महिने सुजलाय, त्यावर मी बर्फ आणि आयोडेक्स याच्या पलीकडे काय देऊ शकतो? ट्रायलमध्ये आपले पाच-सहा जण नक्की बसतील. मग मी जर्सीच्या रंगासाठी त्यांच्या आड येतोय का? एक मन हे म्हणतं. दुसरं म्हणतं, एका खिशातून आलेला पैसा त्याच खिशात परत जातो. महिंद्राची टीम बघ, २००६ ला देशाचे चॅम्पियन, २०१० ला टीमच बंद. मुंबई एफसी, २००७ ला सुरू, २०१७ ला शेवटचा नंबर आणि खलास, कूपरेजला ओरडणाऱ्या त्या पोरांचं काय झालं कोणी विचारलं? आणि त्याच सीझनला आपले खालिदभाई, आदल्या वर्षापर्यंत मुंबई एफसीचे कोच, ते मिझोरामच्या ऐझॉलला घेऊन चॅम्पियन झाले, जी टीम आदल्या वर्षी रेलिगेट, म्हणजे खालच्या लीगला ढकलून, मग परत घेतलेली होती. आज तो माणूस इंडियाचा कोच आहे. तिथे ऐझॉलच्या मागे अख्खं गाव होतं रे. आपल्या मागे त्रेचाळीस आहेत, आणि ते पण ब्लॉक नसला तर.

म्हणून तुला लिहितोय. तू लंडनच्या त्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं सांगितलं होतंस ना, चाळीच्या गच्चीवर, मी हसलो होतो. २००२ ला त्यांचा क्लब उचलून मिल्टन कीन्सला न्यायचं ठरलं, तर लोकांनी विम्बल्डनमधल्याच मोकळ्या मैदानावर ट्रायल घेऊन नवी टीम उभी केली, पार नवव्या पायरीपासून, आणि २०११ ला परत वरच्या फुटबॉल लीगमध्ये. २०२० ला परत प्लाउ लेनला, आपल्या जुन्या ग्राउंडच्या जवळच. तू मला तिथला फोटो पाठवला होतास आणि मी नुसता अंगठा टाकला होता. आता मला ते सगळं नीट हवंय. क्लब मेंबरांचा म्हणजे नेमका कसा? एका माणसाला एकच मत म्हणतोस, मग जो जास्त पैसे देतो तो रुसत नाही का? पैसे गोळा करायला कोण फिरतं, पगारी की आपल्यासारखेच? पहिल्या वर्षी काय केलं, हे मला जास्त हवंय, आत्ताचं नको, आत्ता ते मोठे झाले. एखाद्या शनिवारी जा आणि कोणा म्हाताऱ्याला पकडून विचार. तुला अनोळखी माणसांशी बोलता येतं, लाल शर्टवाल्यांशी बोलला होतास तसं बोल.

आणि तू आजीव सभासद आहेस, ५०१ ची पावती वहीतच पिन केलेली आहे. मीटिंग पुढच्या महिन्यात आहे. माझ्या बाजूने मत दे असं म्हणत नाही. तुला अकॅडमी बरोबर वाटत असेल तर तसं लिही, पण दोन ओळी नाही, कारणांसकट लिही, मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन, माझ्या विरुद्ध असलं तरी.

नवीन घराचे फोटो बघितले, मस्त आहे, किचन फारच मोठं आहे रे, कोण आवरतं? छकुलीला डिग्रीबद्दल शाबासकी सांग, मामाकडून घड्याळ राहिलंय. वहिनींचा जॉब लागला का? लागला असेल. थंडीत छाती सांभाळ, मफलर बांधत जा, कोणी बघत नाही तिथे.

आजच्या पानावर सदतीस नावं आहेत. १-१, बरोबरी, सिटर घालवणाऱ्यानेच मारला, शहात्तराव्या मिनिटाला, डाव्या पायाने. छत्तीस नावं ओळखीची. सदतिसाव्या एक बाई होत्या, निळी छत्री, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ पूर्ण वेळ उभ्या, गोल झाला तेव्हा जोरात ओरडल्या आणि शिट्टी वाजल्यावर स्टेशनच्या दिशेने भराभर निघून गेल्या. मी धावत गेटपर्यंत गेलो, दिसल्या नाहीत. ‘निळी छत्री, नाव विचारायचं’ असं लिहून ठेवलंय.

तुझाच,
सुऱ्या

ता.क. येताना कोणी असेल तर गोलकीपरचे ग्लोव्ह्ज पाठव, नऊ नंबर. पैसे मी देणार, वाद नको.