पितळेला लोहचुंबक चिकटत नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: फ्रंट साइट बसवण्याचा पुशर सदोष निघाल्याबाबत

महोदय,

मागच्या महिन्यात तुमच्या वेबसाइटवरून 2,840 रुपयांचा साइट पुशर, म्हणजे पिस्तुलाच्या नळीवरची नेम धरायची साइट सरकवून बसवायचं अवजार, मागवला. ‘टोक शुद्ध पितळेचं, ओरखडा पडणार नाही’ असं वेबसाइटवरही आहे आणि डब्यावरही. फ्रिजवरचा चुंबक त्या टोकाला लावला, तर टक्कन बसला. वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत मी टूलरूममध्ये नोकरी केली आहे, त्यामुळे हे आधीच ओळखायला हवं होतं. चुंबक सुचला तो नुकसान झाल्यावर, ही माझी चूक. बाकी सगळी तुमची.

नात 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. नळीच्या पुढच्या टोकावरची जुनी फ्रंट साइट, म्हणजे आमच्या भाषेत माशी, 4 मिलिमीटर रुंदीची होती. मागच्या साइटच्या खाचेतून पाहताना तिच्या दोन्ही बाजूंना उजेड फार दिसतो म्हणून कोचनी 4.5 ची बसवायला सांगितली. पंच लावून हातोडीनं ठोकता आली असती, आम्ही तसंच करत आलो. पण पोरीच्या पिस्तुलावर हातोडी उगारायला मन होईना. स्क्रूनं हळूहळू सरकवणारं अवजार घेतलं ते त्यासाठीच.

हवेचा सिलिंडर काढला, नळीत छर्रा नाही हे दोनदा पाहिलं आणि पिस्तूल पुशरच्या जबड्यात धरलं. जुनी माशी निघाली. नवी डव्हटेलमध्ये, म्हणजे माशी बसते त्या तिरक्या कडांच्या खाचेत, अर्धी गेली आणि पुशरचं टोक डुगडुगायला लागलं. स्क्रू आट्यांमध्ये इतका ढिला की प्रत्येक फेऱ्याला टोक वर चढतं. पुढच्या पाव फेऱ्यात ते माशीच्या बुडावरून निसटलं आणि वरच्या कडेवर घासलं. माशीचा काळा लेप भुरभुर खाली पडला. आता त्या कोपऱ्यावर पांढरी रेघ चमकते, नेम धरताना नातीची नजर तिथेच जाते. सोबतची ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, तर बिनडोक्याचा ग्रब स्क्रू आवळतानाच पिळली.

‘किरकोळ ओरखडा आहे’ असं तुमच्या प्रतिनिधीनं लिहिलं. पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर आणि निशाण 10 मीटरवर, म्हणजे माशीशी झालेली चूक तिथे तीस पट होते. पाव मिलिमीटर चुकलं की छर्रा साडेसात मिलिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटर बाहेर. किरकोळ म्हणता ते हे!

त्याआधी तुमच्याकडून ‘शस्त्र परवान्याची प्रत पाठवा’ असं उत्तर आलं होतं. बाप्पा, 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 0.177 इंच नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. मी तर तुमच्याकडून पिस्तूलही घेतलं नाही, पुशर घेतला आहे. परवाना नाही हे कळल्यावर ‘वापरलेला माल परत घेत नाही’ हे उत्तर. न वापरता कळणार कसं की तो वापरण्यासारखा नाही?

पुशरचे 2,840 आणि खराब झालेल्या माशीचे 1,150, असे 3,990 रुपये परत करा आणि वेबसाइटवरचा ‘शुद्ध पितळ’ हा शब्द काढा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाही झालं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करीन, मग नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि मला निवृत्तीमुळे वेळ भरपूर आहे.

बिल, चुंबक चिकटलेल्या टोकाचा फोटो आणि पिळलेल्या किल्लीचा फोटो सोबत जोडले आहेत. पुशर न्यायला माणूस पाठवणार असाल, तर संध्याकाळी पाचनंतर पाठवा. नागपुरात मे महिना चालू आहे, त्या पोराचा काही दोष नाही.

आपला,
एक ग्राहक
नागपूर