उतार कापू नका, उतारावर बांधा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी एक सरकारी हॉल झालाय, तीनेक वर्षं झाली. आधी तिथं उतार होता, पावसाळ्यात ओहोळ वाहायचा, दोन मोठ्या काटेसावरी होत्या. काम सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात जेसीबी लावून उतार कापला, ओहोळ पाइपात घातला, झाडं गेली, आणि वर पश्चिमेला तोंड करून अख्खी काचेची भिंत. आता दर जुलैत तळघरातल्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी असतं आणि एप्रिलमध्ये भर दुपारी पडदे ओढून लाइट न् एसी चालू. मी रोज सकाळी तिथूनच टेकडीवर जातो, बघून जीव तुटतो हो.

पाणी तर येणारच ना, आपल्या टेकड्यांवर माती-मुरूम आणि खाली काळा दगड, पाऊस मुरमातून झिरपत दगडाला लागतो आणि मग उताराच्या अंगानं खाली सरकतो, नेमका त्याच्याच वाटेत खड्डा खणून तळघर केलं तर ते जाणार कुठं? वॉटरप्रूफिंग दरवर्षी नव्यानं करतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्यानं पूर येऊन काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तरी ओहोळ म्हणजे अडगळ असंच चाललंय.

आणि पुण्याला हे शिकायला बाहेर कुठं जायला नको. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचं देऊळ आहे, 8 व्या शतकातलं, जमिनीच्या पोटातला दगड कोरून केलेलं, समोरचा गोल नंदीमंडपसुद्धा त्याच दगडातला. मे महिन्यात दुपारी आत जाऊन बसा, पंखा लागत नाही. आणि आत्ताच्या काळातलं बघायचं तर विद्यापीठाच्या आवारातलं आयुका, म्हणजे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी केलेलं. भिंतींना इथलाच काळा दगड, मधे कुंड, त्याच्याभोवती इमारती, जुन्या वाड्यात चौकाभोवती खोल्या असायच्या तसंच. काचेचा डबा करायचा तर तिथंही करता आला असता.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी इमारतीचं टेंडर काढायच्या आधी त्या जागेचा कंटूर सर्व्हे (म्हणजे जमिनीच्या चढउताराची मोजणी), प्रत्येक झाड आणि पाण्याची वाट नकाशावर दाखवणं सक्तीचं करा आणि तो नकाशा क्षेत्रीय कार्यालयात महिनाभर मराठीत लावा. उतार असेल तर इमारत पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवा, पश्चिमेला काचेऐवजी खोल व्हरांडा द्या, आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक नकोत, थोडी माती उघडी ठेवा.

हे आत्ता लिहायचं कारण, त्या हॉलच्या शेजारच्याच प्लॉटवर वाचनालय होणार असं ऐकतोय. वाचनालय हवंच आहे आम्हाला. पण तिथं एक जुना करंज आहे, ओहोळाचा उरलेला तुकडा पण तिथंच आहे, आणि परवा दगडावर मोजणीच्या चुन्याच्या खुणा दिसल्या.

एक वाचक, कोथरूड, पुणे