ब्राझील पुस्तकातून काढू नका, नीट शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकातला ‘दहावीला ब्राझील कशाला?’ हा लेख वाचला. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातला ब्राझील काढून टाकावा, असं त्यात म्हटलंय. पेपर घडी घालून ठेवला तरी लेख डोक्यातून जाईना. शेवटी आज सकाळी खळ्यात काजूची बी वाळत घातली आणि लिहायला बसले.

आधी चूक सांगते. लेखात ब्राझीलची राजधानी रिओ असं छापलंय. १९६० सालापासून राजधानी ब्राझिलिया आहे. ज्या विषयाची मुलांना गरज नाही असं आपण छापता, त्याच विषयात आपल्याकडून एवढी मोठी चूक व्हावी याचं वाईट वाटलं. दुरुस्ती छापा, ही विनंती.

आता मुद्द्याचं. लेखक विचारतात, कोकणातल्या मुलानं ब्राझीलची माहिती पाठ करून करायचं काय? पाठ करून काहीच होणार नाही, हे मलाही मान्य. पण म्हणून तो देशच पुस्तकातून काढायचा? मी वेंगुर्ला तालुक्यात राहते. आमची काजूची बाग आहे, घरी बी फोडण्याचा छोटा व्यवसाय आहे. टरफलातल्या तेलानं माझी बोटं वर्षभर काळी असतात. हे झाड मूळचं ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते इकडे आणलं. ‘काजू’ हा शब्दसुद्धा तिथल्या तुपी या मूळ रहिवाशांचा. ‘अननस’ही त्यांच्याकडूनच आला. आमच्या घरात तिन्हीत्रिकाळ तुपी भाषेतला शब्द तोंडात असतो, आणि आपले लेखक म्हणतात की आमचा ब्राझीलशी संबंध काय!

हे मला काजू लागवडीच्या एका प्रशिक्षणात कळलं. घरी येऊन मुलाला सांगितलं. तो तेव्हा नुकताच दहावीत गेला होता, सुट्टीतले जादा तास सुरू होते. पोराला एवढा हुरूप आला की दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला दोन लाल नि एक पिवळा असे तीन बोंडू, म्हणजे काजूची फळं, बीसकट घेऊन गेला. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळीकडे असंच चालतं. तो उभा राहून म्हणाला, “सर, हा ब्राझीलहून आलाय.” वर्ग हसला. सर म्हणाले, “हे पेपरात येत नाही. बाहेर टाकून ये आणि ‘फरक स्पष्ट करा’चे प्रश्न लिहून काढ.” गडबडीत एक बोंडू खिशातच चेंबला. बोंडवाचा डाग कसा असतो ते आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे, एकदा पडला की कपडा फाटेपर्यंत साथ सोडत नाही. मी लिंबू लावलं, सोडा लावला, दगडावर घासून खिशाची शिवण उसवली. वर्षभर तो शर्ट तसाच तपकिरी डागाचा घालून गेला. त्यानंतर भूगोलाचा एकही प्रश्न त्यानं घरी विचारला नाही. डागाचं दुःख कमी आहे, ह्याचं जास्त आहे.

यंदा मार्चमध्ये पेपर देऊन आला. संध्याकाळी जेवताना मी विचारलं, ब्राझीलमध्ये माणसं कमी कुठं राहतात? “आतल्या भागात. देशाची घनता दर चौरस किलोमीटरला सरासरी २३.” अगदी पुस्तकातलं. मग विचारलं, किनाऱ्यालाच गर्दी का? गप्प. चाळीस गुणांच्या पेपरात त्याला ‘कुठे’ विचारलं होतं, ‘का’ कुणी शिकवलंच नव्हतं.

‘का’चं बरंचसं उत्तर इतिहासात आहे, पण दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे इतिहासलेखन नि उपयोजित इतिहास, म्हणजे इतिहास लिहायचा कसा नि वापरायचा कुठं. तेही चांगलंच असेल, मी नावं ठेवत नाही. पण भूगोलाच्या सरांनी जमीन, पाऊस, पिकं सांगायची आणि तिथं माणसं कशी पोचली ते कुणीच सांगायचं नाही, तर मुलांच्या हाती आकडे तेवढे उरतात. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी तेरा जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला तो हिंदुस्थानात यायला. वाटेत २२ एप्रिलला त्याला ब्राझीलचा किनारा दिसला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो कालिकतला पोचला. म्हणजे ब्राझील पोर्तुगीजांना आपल्याच वाटेवर सापडला! पुढे तिथं किनाऱ्याला उसाचे मळे झाले, साखर बंदरातून जायची म्हणून वस्ती बंदराला धरून वाढली. पहिली राजधानी साल्वादोर, मग १७६३ पासून रिओ, दोन्ही समुद्राकाठी. आतल्या मुलखात माणसं जावीत म्हणून शेवटी ब्राझिलिया नवी वसवली. हे सगळं पंधरा मिनिटांत सांगून होतं. मी सांगितलं आणि पोरानं भाताचा घास हातात धरून ऐकलं.

त्या मळ्यांवर आणि इतरत्र राबायला आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसं गुलाम म्हणून आणली. गुलामगिरी तिथं १८८८ साली संपली, साऱ्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. आफ्रिकेतली माणसं आपल्या किनाऱ्यालाही आली, पण त्यांच्यातल्या सिद्दींनी मुरुडला जंजिऱ्यावर राज्य केलं. एकाच खंडातली माणसं, दोन किनाऱ्यांवर दोन तऱ्हा. हा विषय निघाला तर मुलं तासभर बोलतील. जंजिरा त्यांनी सहलीत पाहिलेला असतो.

सहलीवरून आठवलं. भूगोलाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे, नळदुर्गहून अलिबागला. मुलं अलिबागपर्यंत येतात. तिथून रेवदंड्यावरून खाडी ओलांडली की कोर्लई. त्या गावात आजही पोर्तुगीजपासून झालेली बोली घरात बोलतात, ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा. शेजारचं चौल पोर्तुगीजांनी १७४० साली मराठ्यांना सोडलं, बोली मागं राहिली. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज, हे मुलं एका गुणासाठी पाठ करतात. तिची आपल्या रायगड जिल्ह्यातली नातेवाईक कुणी ऐकवत नाही.

लेखकांना वाटतं, देश फार लांबचा आहे. नकाशा उघडून अक्षांश बघा. वेंगुर्ला विषुववृत्ताच्या उत्तरेला जेवढं, जवळपास तेवढंच ब्राझिलिया दक्षिणेला. देवगड जेवढं वर, तेवढंच खाली पोर्तो सेगुरो, म्हणजे काब्राल जिथं उतरला तो किनारा. ब्राझीलमध्येही किनाऱ्यामागं कडा उभा आहे, वारे अडतात, पाऊस अलीकडे पडतो आणि पलीकडे ईशान्येचा दुष्काळी टापू. आंबोलीचा पाऊस पाहिलेल्या आणि एस.टी.नं घाट चढून साताऱ्याकडच्या कोरड्या माण-खटावला गेलेल्या मुलाला हे शिकवावं लागतं का? त्याला आठवण करून दिली की पुरे. दिल्लीच्या मुलापेक्षा आमच्या मुलांना ब्राझील लवकर समजेल, असं मी ठामपणे म्हणते.

आमच्या सासूबाईंना मी हे सांगत होते. त्या एकादशीची साबुदाण्याची खिचडी करत होत्या. म्हटलं, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा ब्राझीलकडचा, आणि शेंगदाणा, मिरची, बटाटा ही सगळीच त्या अमेरिका खंडातली. त्या परतायच्या थांबल्या. “मगे आदी उपासाक लोक काय खायत?” त्यांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला जो प्रश्न सुचतो तो वर्गात उठू द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि आपण नुसतं घेतलं असंही नाही. फणस पोर्तुगीजांनीच तिकडे नेला. रिओच्या तिजुका जंगलात तो इतका माजलाय की मूळच्या झाडांना जागा उरत नाही, म्हणून काढावा लागतो.

लिहितेच आहे तर आणखी एक. ब्राझीलमध्ये बोंडवाचा रस लोक पितात, बाटलीत भरून विकतात. गोव्यात त्याची फेणी होते, तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे हंगामात बी पिळून काढली की बोंडू झाडाखाली. आज माझ्या बागेत पाय ठेवला तर घोट्यापर्यंत कुजका बोंडू आहे, माश्या घोंघावतायत, आंबूस वास घरापर्यंत येतो. रस काढायला गावात सोय नाही, आणि बोंडू एका दिवसात नासतो, लांब नेता येत नाही. ज्या देशानं हे झाड दिलं तो देश त्या फळाचं काय करतो, हे आमच्या मुलांनी दहावीतच धडपणे शिकलं असतं, तर त्यांतल्या दोघाचौघांनी तरी रसाचं यंत्र घातलं असतं. माझा मुलगा आता अकरावीला विज्ञान घेणार म्हणतो. भूगोल सुटला.

लेखकांचा राग नाही. त्यांनी एकदा इकडे यावं. पावसाच्या आधी आले तर झाडावरचा ताजा बोंडू मीठ लावून कापून देईन, फक्त पांढरा सदरा घालून येऊ नये.

आपली वाचक,
एक काजू बागायतदार,
वेंगुर्ला तालुका, जि. सिंधुदुर्ग