भांडी कोण घासतं?

वसमत,
रविवार, दुपार

चि. वैष्णवी हीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू संशोधनाचं "सोडून येते बाबा" म्हणालीस आणि मी "बरं, ये" म्हणालो. एवढ्या लवकर बरं म्हणालो म्हणून तुला राग आला, हे तुझी आई नंतर मला सांगू लागली. फोनवर मला सुचत नाही, तुला ठाऊक आहे. त्यात हळदीचा हंगाम. मोंढ्यात पट्टी झाली की लोक बायकोला घेऊन तडक आपल्या सोनारांच्या गल्लीत येतात. आज शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. बाहेरून कुणी हाक मारली तर तुझी आई "जेवायला बसलेत" म्हणणार आहे.

आधी एक कबूल करतो. दिवाळीत तू व्हिडिओ कॉलवर तुझा प्रयोग दाखवला होतास. अम्लराजात विरघळवलेल्या सोन्याचं पिवळं पाणी उकळत होतं, तू त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबाच्या आंबटाचा क्षार, टाकलंस. पिवळा रंग गेला, पाणी साधं दिसू लागलं, मग काळपट झालं, आणि बघता बघता डाळिंबाच्या रसासारखं लाल. मी गिऱ्हाईकांसमोर हसलो आणि म्हणालो, "हे सोनं कसलं, कुंकवाचं पाणी." अम्लराजातलं पिवळं पाणी मी स्वतः कितीदा पाहिलंय, पण लाल कधी बघितलं नव्हतं, म्हणून हसलो. पस्तीस वर्षं सोनं हाताळणाऱ्या माणसाला सोन्याचा दुसरा रंग बघवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तू मग समजावलंस की वीस नॅनोमीटरचा कण झाला की सोन्यातले इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर हेलकावे खातात, हिरवा उजेड गिळतात आणि लाल तेवढा पुढं जाऊ देतात. केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटर धरली तरी वीस म्हणजे काय, ते माझ्या डोक्यात बसेना. माझं सगळ्यात लहान माप गुंज. मग तू हिशेब करून पाठवलास, की 1 ग्रॅम सोन्याचे तसले गोल कण केले तर त्यांचा पृष्ठभाग पंधरा चौरस मीटरच्या वर जातो. म्हणजे आपली पुढची खोली, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तेव्हा बसलं. मी सोनं ठोकून पसरवतो, तू ते बारीक करून पसरवतेस.

आता ते निळं पडण्याचं. दहा दिवस झाले, बाटली लाल होते आणि सकाळी बघावं तर जांभळी-निळी, तळाशी काळा गाळ. सर म्हणतात कण एकमेकांना चिकटू लागलेत. तू सायट्रेट बदललंस, आच बदललीस, ढवळण्याचा वेग बदललास. हे ऐकताना मला माझीच गोष्ट आठवू लागली. तुला कधी सांगितली नाही, कारण तीत माझी अब्रू नाही.

1994 साल. मी बावीस वर्षांचा. एका घरचं लग्नाचं काम होतं, दीड तोळ्याची बोरमाळ. बोरमाळेचे मणी आपण शिशाच्या ठोकळ्यावर ठोकून अर्धे-अर्धे खोलगट करतो, मग डाग देऊन जोडतो, ते तू पाहिलंयस. बिघडलेले मणी आणि कातरण मी गोळा करून परत मुशीत आटवलं. कांडी निघाली दिसायला झकास. ऐरणीवर घेतली आणि तिसऱ्या घावाला खारीसारखी चिरली. पुन्हा आटवलं, पुन्हा चिरली. मी मुशीला दोष दिला, मग कोळशाला, मग आटवताना टाकायची सवागी भेसळीची म्हणून किराणावाल्याशी भांडून आलो. तीनदा झालं. लग्नाला चार दिवस.

तुझे आजोबा जेवून आले. कांडीकडं बघितलंच नाही त्यांनी. शिशाच्या ठोकळ्यावरून अंगठा फिरवला, तो करडा झालेला मला दाखवला आणि म्हणाले, "मुशीत काय घातलंस ते सांगू नको. मुशीच्या आधी ते कुठं होतं ते सांग." मण्यांच्या पाठीला शिसं चिकटलं होतं, डोळ्याला दिसणारही नाही एवढं, आणि मी ते न पुसता आटवलं होतं. शिशाचा एवढासा अंश सोन्याला ठिसूळ करतो. सोरा टाकून दोनदा आटवलं तेव्हा कुठं ते मऊ आलं. घट आली ती आपल्या पदरची घातली.

म्हणून विचारतो, रागावू नको. तुमची ती काचेची भांडी कोण घासतं? आणि कशानं? तू होस्टेलवरून आलीस की तयार धुतलेली घेतेस, की स्वतः धुतेस? शेवटचं पाणी कुठलं मारतात? लाल सोन्यात चिमूटभर मीठ टाकलं की ते निळं पडतं, हे तूच गंमत म्हणून करून दाखवलं होतंस. आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तांब्यावर कसे बसतात, ते आठव. सोनं आणि सायट्रेट तू बदलून बघितलंस, भांडं बदललेलं ऐकलं नाही. तुमच्याकडंही अम्लराजानं भांडी धुतात म्हणालीस. ते तू स्वतः केलंस का, की करतात असं ऐकलंस? मी चुकत असेन तर हसून सोडून दे. दिवाळीचा हिशेब फिटेल.

तो शास्त्रज्ञ फॅरडे तूच सांगितलास मला. लोहाराचा पोरगा, बुकबायंडिंगच्या दुकानात उमेदवारी केलेला. सोन्याचा वर्ख काचेवर घेऊन उजेडाचे प्रयोग करायचा, आणि धुवून टाकायच्या पाण्याला लालसर झाक दिसली तर ते फेकलं नाही त्यानं. 1857 साली त्यावर व्याख्यान दिलं, मिठानं रंग निळा होतो हेही त्यानंच टिपलं. त्याच्या बाटल्या लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून ठेवल्यात म्हणालीस. म्हणजे नीट जमलं तर ते टिकतं.

आणि हे उगं रंगाचं खूळ नाही, हे मला 2021 मध्ये कळलं. माझ्या कोरोनाच्या अँटिजेन टेस्टला दुसरी रेघ उमटली तेव्हा मी ओसरीच्या खोलीत चौदा दिवस पडून होतो. ती लाल रेघ म्हणजे बहुतेक किटांत सोन्याचेच कण असतात, अँटिबॉडी चिकटवलेले, हे तू नंतर सांगितलंस. सोनाराला त्याचं सोनं ओळखू आलं नाही! (मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो त्या दुसऱ्या चाचणीचंही तसंच, असं तू आईला सांगितलंस. ते मी ऐकलं नाही असं समज.)

त्याच वर्षी मे महिन्यात तुझ्या काकाच्या डोळ्याखाली सूज आली, काळी बुरशी. आधीच साखर. डॉक्टरांनी लिहून दिलं, लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. मी परभणी पालथी घातली, नांदेड पालथं घातलं, साधं अँफोटेरिसिन मिळत होतं, ते नाही. मी म्हणालो औषध तेच ना, मग साधं द्या. डॉक्टर म्हणाले, साध्यानं किडनीला धोका. तू रात्री फोनवर सांगितलंस की औषध तेच, पण चरबीच्या बुडबुड्यात बसवलेलं, आणि तो बुडबुडा शंभर नॅनोमीटरच्याही आतला, म्हणून किडनीला कमी त्रास. चौथ्या दिवशी मिळालं. काका वाचला, डावा डोळा गेला. तो अजून विचारतो, वैष्णवी तसलं औषध करायला कधी शिकणार? मी सांगतो, तिचं वेगळं आहे. त्याला पटत नाही.

मोबाइलच्या चिपचं मला फारसं कळत नाही. त्यातली सोन्याची तार पंचवीस मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक, हे ऐकून मी माझ्या तार ओढायच्या जंतरातलं शेवटचं भोक बघत बसलो. आणि "तीन नॅनोमीटर चिप" हे निस्तं नाव, आत तेवढ्या मापाचं काही नसतं, हे ऐकून बरं वाटलं. जत्रेत "वन ग्रॅम गोल्ड"च्या बांगड्या असतात तसं.

एक मात्र मनातून जात नाही. आपल्या दुकानातला केर आपण फेकत नाही. वर्षातून एकदा झारेकरी येतो, चटईखालची माती, राख, सगळं विकत नेतो आणि धुऊन त्यातून सोनं काढतो. तुमच्या केराला झारेकरी कोण? चांदीचे तसलेच कण लावलेले मोजे निघालेत म्हणे, वास येऊ नये म्हणून. ते धुतलं की पाणी जातं कुठं? हे तुझ्या सरांना विचार. मला उत्तर पाहिजे.

यायचं तर पाडव्याला ये, खोली झाडून ठेवलीय. परत जाण्याचं तिकीट तू काढायचं की मी, ते आल्यावर बघू. तोवर एक बाटली स्वतः घासून, चांगल्या पाण्यानं धुऊन, एकदा लावून बघ. आणि त्या निळ्या पडलेल्या दहा बाटल्या मोरीत ओतू नको. त्यात सोनं आहे.

तुझे बाबा

ता. क. आईनं ओल्या हळदीचं लोणचं घातलंय. प्लास्टिकचा डबा पिवळा होतो म्हणून काचेच्या बरणीत पाठवतेय. बरणी परत आण.