हंगामाचे पैसे घेतले, आता हंगामाचं बोला

कोल्हापूर, दि. 12 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सीझन मेंबरशिपचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मंगळवार पेठेतली आम्ही काही मंडळी आपल्या फुटबॉल क्लबचे सीझन मेंबर आहोत. या हंगामाचे पैसे आपण आगाऊ आणि पूर्ण घेतलेत. कार्ड आलं नाही, जर्सी आली नाही, सामन्यांचा तर पत्ताच नाही. कस्टमर केअरला विचारलं की दर खेपेला तेच उत्तर येतं: 'लीगचं वेळापत्रक जाहीर झाल्यावर कळवू.'

वेळापत्रक का अडलंय ते आम्हीही वाचतो. अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी एफएसडीएल यांच्यात 2010 साली झालेला 15 वर्षांचा करार 8 डिसेंबरला संपतोय. जुलैत आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, स्थगित झाली. लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी नवी निविदा निघाली, तिची मुदत 7 नोव्हेंबरला संपली आणि एकही बोली आली नाही. वर्षाला किमान 37.5 कोटी मोजायला कुणी पुढे येईना. हा सगळा घोळ आपण घातला, असं आमचं अजिबात म्हणणं नाही.

आमची तक्रार आपल्या गप्प बसण्याची आहे. याच लीगमधल्या बेंगळुरू एफसीने ऑगस्टमध्ये पगार थांबवत असल्याचं निदान उघड सांगितलं. आपण मात्र जुन्या गोलांचे व्हिडिओ टाकताय, आणि त्याखाली मेंबरशिपची लिंक अजून चालू! आधी विकलेलं द्यायला जमेना, मग नवं गिऱ्हाईक कशाला?

माझा भाचा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला शिकायला होता. तिथल्या वॉस्प्स या रग्बी क्लबचं काय झालं ते त्याच्याकडून ऐकलंय, म्हणून जास्त काळजी वाटते. 1867 सालचा क्लब, सहा वेळा इंग्लंडचा विजेता. मालकांनी 2014 मध्ये तो उचलून कॉव्हेंट्रीत नेला. पुढच्या वर्षी 3.5 कोटी पौंडांचे रोखे काढले. क्लबच्या प्रेमापोटी समर्थकांनीही ते घेतले. मे 2022 मध्ये परतफेड होती, ती जमली नाही. 17 ऑक्टोबरला क्लब दिवाळखोरीत प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि त्याच दिवशी 167 जणांची नोकरी गेली. रोखे घेणाऱ्यांना पूर्ण पैसे काही मिळाले नाहीत. त्याआधी तीन आठवडे वूस्टर वॉरियर्स या दुसऱ्या रग्बी क्लबवर निलंबन आलं होतं, आणि पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश या तिसऱ्यावर. नवा मालक येतोय, बोलणी चालू आहेत, हे ऐकत तिथली माणसं थांबली होती. आपली उत्तरं वाचताना तेच आठवतं.

आमच्याकडे संघ तालमीचा असतो. पाटाकडील घ्या, दिलबहार घ्या, पैसा कमी पडला तर वर्गणी निघते आणि कुणी किती दिले ते अख्ख्या पेठेला ठाऊक असतं. हिशोब चुकला तर जाब कुणाच्या दारात विचारायचा हेही ठाऊक असतं. (विचारणारे जरा मोठ्या आवाजात विचारतात, ते सोडा.) आपल्याकडे दारच सापडत नाही. टोल फ्री नंबरवर नुसती धून वाजत राहते.

तेव्हा, पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत सर्वांची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून घेतली त्याच खात्यात जमा करावी. 'पुढच्या हंगामात वळती करू' हा पर्याय आम्हाला नको. पुढचा हंगाम आहे की नाही हेच आपण सांगत नाही. वेळापत्रक येईपर्यंत मेंबरशिपची विक्री बंद ठेवावी. आणि खेळाडू, ग्राउंड स्टाफ, अकादमीतली पोरं यांचे पैसे वेळेवर जाताहेत का, याचं लेखी उत्तर द्यावं. आमच्या पैशांइतकीच त्याचीही आम्हाला चिंता आहे. पोरांची तर जास्तच.

मुदतीत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवू आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू. लीग सुरू झाली, क्लब उभा राहिला, तर मेंबरशिप पुन्हा घेऊच. तेव्हा नव्याने पैसे भरू.

आपले,
सीझन मेंबर, मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत: पैसे भरल्याच्या पावत्या आणि आपल्या ईमेल उत्तरांच्या प्रती